तार कोणती ते भट्टीला विचारा

(अहमदपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, ते गुरुजी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत राहिले. म्हणून संयोजकांनी विषय निवडायची मोकळीक दिली तेव्हा मी व्याख्यानमालांमध्ये सहसा न येणारा विषय मागून घेतला. भट्टीचं तापमान मोजायला आपण जो थर्मोकपल वापरतो, त्यातल्या दोन तारा कोणत्या धातूच्या असाव्यात, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. माझी सारी नोकरी या प्रश्नाभोवती गेली आहे आणि अजूनही तो मला लहान वाटत नाही.

मराठवाड्याबद्दल बोलताना आपण पाऊस, सोयाबीन आणि तुरीचा भाव यांवर बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण हाच भाग आगीवरही जगतो. आपल्या तालुक्यात उजन्याला साखर कारखाना आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचं औष्णिक विद्युत केंद्र आहे. पाणी नाही म्हणून २०१३ साली ते बंद ठेवावं लागलं होतं, हे इथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. जालन्याला भंगार वितळवून सळई करणाऱ्या गिरण्या आहेत. गावाबाहेर वीटभट्ट्या आहेत. आणि आपली मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करून वाळूजला, चाकणला जातात, तिथे कुणी ना कुणी हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये लागतंच. या प्रत्येक ठिकाणी कुठेतरी एक नळी भट्टीच्या भिंतीतून आत गेलेली असते, तिच्यात दोन तारा असतात आणि पॅनेलवर एक आकडा असतो. कोळसा किती टाकायचा, भट्टी कधी उघडायची, गिअरचा दात कडक होणार की तडकणार, हे त्या आकड्यावर ठरतं.

तो आकडा चुकतो तेव्हा सांगून चुकत नाही. तार तुटली तर पॅनेल ओरडतं, फोरमन धावतो, नवी तार पडते, काम पुढे जातं. तार न तुटता वीस अंशांनी खोटं बोलू लागली तर महिनोन् महिने कुणाला कळत नाही. म्हणून मला वाटतं की धातू निवडताना 'हा किती तापमान सोसतो' यापेक्षा 'हा कशानं बिघडतो आणि बिघडला की कोणत्या बाजूला खोटं बोलतो' हे आधी विचारावं. कॅटलॉगमध्ये पहिला रकाना तापमानाचा असतो. माझ्या मते तो तिसरा हवा. पहिला भट्टीतल्या हवेचा, दुसरा तार तिथे किती काळ राहणार याचा.

हे का, ते समजायला थोडं मुळाशी जावं लागेल.

१८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस योहान सीबेक यांनी दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडून एक सांधा तापवला, तेव्हा जवळ ठेवलेली चुंबकसुई वळली. उष्णतेमुळे चुंबकत्व आलं, असं सीबेक यांना वाटलं. प्रत्यक्षात वीज वाहत होती आणि तिच्यामुळे सुई वळत होती, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी ओळखलं. परिणामाला नाव मात्र सीबेक यांचंच राहिलं, आणि ते योग्यच आहे, कारण कितीतरी धातूंच्या जोड्या त्यांनी स्वतः तपासून क्रमाने मांडल्या होत्या.

पुस्तकातली आकृती पाहून बहुतेकांचा समज होतो की वीज टोकावरच्या सांध्यात तयार होते. कामावर पंधरा वर्षं काढलेली माणसंही असं म्हणताना मी ऐकली आहेत. ते खरं नाही. तारेच्या ज्या भागात तापमान बदलत जातं त्या भागात व्होल्टेज तयार होतं. सांधा दोन तारांना फक्त जोडतो. आपण बालाघाटावर राहतो, तेव्हा असं पाहा : खालच्या गावाहून वर येताना उंची मिळते ती घाटाच्या चढात, पठारावर कितीही चाललं तरी उंची वाढत नाही. तसंच भट्टीच्या आत नऊशे अंशांच्या सारख्या उष्णतेत असलेली हातभर तार काहीच व्होल्टेज देत नाही. भिंतीच्या विटांतून बाहेर येताना नऊशेवरून पन्नासवर उतरणारी जी वीतभर तार आहे, तिथेच सगळं घडतं. दोन्ही तारा एकाच धातूच्या असत्या तर दोघींतलं व्होल्टेज सारखं येऊन एकमेकांना कापलं असतं. म्हणून दोन वेगळे धातू लागतात आणि त्यांतला फरक आपण मोजतो.

एवढं पटलं की बाकीचं बरंच आपोआप उलगडतं. टोकाला वेल्डिंग किती देखणं आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. तार टोकापासून डोक्यापर्यंत एकसारखी आहे का, आणि भिंतीतल्या त्या वीतभर भागात तिचं रसायन वर्षभरानंतरही तेच राहिलं आहे का, याला सगळं महत्त्व येतं.

आता जोड्या पाहू. धातूंच्या ठरलेल्या जोड्यांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत. एक टोक शून्य अंशावर आणि दुसरं शंभरावर ठेवलं, तर ई टाइप ६.३१९ मिलीव्होल्ट देतो, जे टाइप ५.२६९, टी टाइप ४.२७९, के टाइप ४.०९६, एन टाइप २.७७४, प्लॅटिनमचा एस टाइप फक्त ०.६४६, आणि बी टाइप ०.०३३. पूर्वी सुईचे मीटर होते, तेव्हा जास्त मिलीव्होल्ट देणारी जोडी चांगली वाटणं साहजिक होतं. आजचा साधा डिजिटल कंट्रोलरही काही मायक्रोव्होल्टांचा फरक ओळखतो. म्हणून जास्त व्होल्टेज देणारी जोडी जास्त अचूक, ही समजूत आता टाकून द्यावी. ई टाइप सगळ्यांत मोठ्यानं बोलतो, पण भट्टीत सगळ्यांत खरं बोलणारा तो नव्हे.

सुरुवात साखर कारखान्यापासून करतो, आणि माझ्याच विषयाच्या विरोधात बोलतो. रस तापवताना पहिल्या हीटरला तापमान सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या आसपास असतं, दुसऱ्याला शंभरच्या थोडं वर. इथे थर्मोकपल लावूच नये. इथे पीटी-१०० लावावा, म्हणजे प्लॅटिनमची ती बारीक गुंडाळी, जिचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशाला १३८.५ ओहम असतो. के टाइपच्या दुसऱ्या दर्जाच्या तारेला नवी असतानाच अडीच अंश चुकण्याची सूट असते. रसाच्या हीटरवर अडीच अंश म्हणजे वाफेचा हिशेब चुकला. कमी तापमानाला थर्मोकपल हवाच असेल, दूध शीतकरण किंवा शीतकपाटासारखं काम असेल, तर तांबं-कॉन्स्टंटनचा टी टाइप घ्यावा. तो उणे दोनशेपासून साडेतीनशेपर्यंत चांगला चालतो, त्याच्या पहिल्या दर्जाची सूट अर्ध्या अंशाची आहे आणि ओलाव्यानं तो बिघडत नाही. त्याचा दोष इतकाच की तांबं उष्णता चटकन वाहून नेतं. तार पुरेशी खोल घातली नाही तर टोकच थंड पडतं. लोखंडाचा जे टाइप स्वस्त आहे, प्लॅस्टिकच्या मोल्डिंग मशीनवर तोच असतो, आणि ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत तो के टाइपपेक्षा सुखानं राहतो. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी लोखंडी तार गंजते. गंजलेली तार पातळ होते, आणि साडेसातशेच्या पुढे लोखंडाचा स्वभावच बदलतो.

साखर कारखान्यात एक जागा मात्र अशी आहे जिथे खरी परीक्षा होते : गंधकाची भट्टी. आपल्याकडची पांढरी साखर बहुतेक सल्फिटेशन पद्धतीनं होते. गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. आता के टाइपच्या दोन्ही तारा मुख्यतः निकेलच्या. एकीत सुमारे दहा टक्के क्रोमियम, दुसरीत थोडं मँगनीज, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन. निकेल आणि गंधक यांचं वैर जुनं आहे. दोघांचं जे मिश्रण होतं ते सुमारे ६४० अंशांनाच वितळतं, म्हणजे निकेलच्या स्वतःच्या वितळणबिंदूच्या कितीतरी खाली. गंधक असलेल्या वायूत, विशेषतः ऑक्सिजन अपुरा असेल तर, निकेलची तार आतून ठिसूळ होते आणि बोटानं मोडते. तिथे तारेपेक्षाही बाहेरची नळी निवडणं मोठं काम. निकेल असलेलं ३१० किंवा ३१६ स्टेनलेस स्टील न घेता बिननिकेलचं, सुमारे पंचवीस टक्के क्रोमियमचं ४४६ पोलाद घ्यावं. गमतीची गोष्ट सांगतो. १९२७ साली जगानं तापमानाची पहिली आंतरराष्ट्रीय मोजपट्टी ठरवली, तेव्हा तिच्यावरचा एक निश्चित बिंदू गंधकाच्या उकळण्याचा होता : ४४४.६० अंश. जो पदार्थ तार खातो, त्याच्याच आधारानं एकेकाळी तारा तपासल्या जात.

आता परळीकडे वळतो. वीजनिर्मितीच्या मोठ्या संचांत बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी वाफ सुमारे ५४० अंशांची असते. नळ्यांवर आणि वाफेच्या वाटेवर आपल्या देशात सर्रास के टाइप लावतात. कॅटलॉग पाहिला तर हरकत घ्यायला जागा नाही, के टाइप बाराशेपर्यंत चालतो असंच लिहिलेलं असतं. पण ५४० हा आकडा के टाइपच्या नेमक्या नाजूक पट्ट्यात येतो. सुमारे २५० ते ५५० अंशांच्या दरम्यान ठेवलेल्या निकेल-क्रोमियमच्या तारेत अणूंची मांडणी हळूहळू बदलते. तार दिसायला तीच, वजन तेच, रसायनही तेच, पण तिचं व्होल्टेज काही अंशांइतकं सरकतं. सहाशेच्या वर नेली की ती मांडणी मोडते आणि तार पुन्हा मूळ पदावर येते. म्हणजे हा बिघाड तापमान चढताना एक आकडा दाखवतो आणि उतरताना दुसरा.

काही अंशांनी काय होतं, असं कुणी विचारेल. बॉयलरच्या नळ्या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या असतात. या पोलादाचं उष्णतेतलं आयुष्य मोजायला लार्सन-मिलर यांचं सूत्र वापरतात. त्या सूत्रानं हिशेब करून पाहा : धातू ५४० अंशांवर एक लाख तास टिकणार असेल, तर ५५० अंशांवर तो सुमारे पन्नास हजार तास टिकतो. दहा अंशांनी आयुष्य निम्म्यावर आलं. आणि के टाइपच्या दुसऱ्या दर्जाच्या तारेला ५४० अंशांवर पाऊण टक्क्याप्रमाणे चार अंशांची सूट आधीच दिलेली आहे. तिच्यावर अणूंच्या मांडणीचे काही अंश, त्यावर केबलचे, त्यावर पॅनेलचे. हे सगळे एकाच बाजूला पडले तर दहा अंश व्हायला वेळ लागत नाही.

या दुखण्यावर औषध निघालेलं आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधनशाळेत नोएल बर्ले यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत के टाइपच्या एकेका दोषाचा माग काढला आणि त्यावरून नवी जोडी बांधली : नायक्रोसिल आणि निसिल, म्हणजे आपला एन टाइप. क्रोमियम चौदा टक्क्यांवर नेलं, दोन्ही तारांत सिलिकॉन वाढवलं, दुसऱ्या तारेतून ॲल्युमिनियम आणि मँगनीज काढून टाकलं. सिलिकॉनमुळे तारेवर दाट कवच धरतं आणि आतला धातू वाचतो. अणूंच्या मांडणीचा दोषही बराच कमी झाला. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. नवी धातुजोडी अंदाजानं न शोधता जुनी का खोटं बोलते हे आधी समजून घेतलं, आणि त्या कारणांतूनच उत्तर उभं केलं. तरीही आपल्याकडे के टाइपच चालतो. किमतीत फार फरक नसतो. गोदामात के टाइपचे पार्ट असतात, पॅनेल के टाइपवर सेट असतं आणि मागणीपत्रकात मागच्या वर्षीची ओळ उतरवलेली असते, एवढंच कारण. नवं पॅनेल बसवणार असाल आणि तीनशेच्या वरचं काम असेल, तर एन टाइपपासून सुरुवात करा, असं मी स्पष्टपणे सांगेन.

वाळूज-चाकणकडे जाणाऱ्या मुलांसाठी आता थोडं जास्त थांबतो, कारण सगळ्यांत फसवा बिघाड तिथे आहे. गिअर, शाफ्ट यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवायच्या भट्ट्या साधारण ९३० अंशांवर चालतात. आत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो, ऑक्सिजन नावालाच. उघड्या हवेत के टाइपच्या तारेवर निकेल आणि क्रोमियम दोघांच्या ऑक्साइडचं कवच चढतं आणि ते टिकतं. ऑक्सिजन अगदी कमी असेल तर निकेल ऑक्साइड होत नाही, एकटं क्रोमियम होतं. सुमारे आठशे ते एक हजार पन्नास अंशांत हे जोरात चालतं. तारेतलं क्रोमियम निघून हिरवट ऑक्साइड बनतं, शॉपमध्ये त्याला 'ग्रीन रॉट' म्हणतात. क्रोमियम गेलं की तारेचं व्होल्टेज घटतं. पॅनेल तापमान कमी दाखवतं. कंट्रोलर त्यावर विश्वास ठेवून उष्णता वाढवतो. पॅनेलवर ९३० स्थिर आहे, चार्टवर सरळ रेघ आहे, आणि आतला माल खरं तर ९६० किंवा त्याहून जास्त तापतो आहे. पोलादाचे कण मोठे होतात आणि दात ठिसूळ होतो. तपासणीत दोष माल, पोलाद, माणूस यांवर जातो. तारेकडे सगळ्यांत शेवटी बघतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे, खिशात एक चुंबक ठेवा. नव्या के टाइपमध्ये ऋण तार चुंबकाला चिकटते, धन तार चिकटत नाही. काढलेल्या जुन्या थर्मोकपलची धन तारही चुंबकाला ओढली जाऊ लागली, तर तिच्यातलं क्रोमियम गेलं आहे. ही तार पुन्हा लावू नका, कापून नवा सांधाही करू नका, कारण कुजलेला भाग सांध्यात नाही, मधे आहे.

आणि हा रोग भट्टीतल्या वायूमुळेच होतो असं नाही. बारीक, लांब, एका टोकानं बंद नळीत उघड्या तारा घातल्या, तर नळीच्या आतली हवा साचून राहते. गरम नळी आणि तार मिळून तिच्यातला ऑक्सिजन संपवतात आणि चांगल्या हवेच्या भट्टीतही नळीच्या आत ग्रीन रॉट लागतो. म्हणून नळी रुंद घ्यावी, किंवा मॅग्नेशियम ऑक्साइड ठासून भरलेली, दोन्ही टोकांना सीलबंद मिनरल इन्सुलेटेड तार घ्यावी. तिचं टोक कापलं की ताबडतोब सील करावं. ती भुकटी हवेतला ओलावा पटकन ओढते आणि इन्सुलेशन कमी होतं. हजार अंशांच्या वर स्टेनलेस स्टीलचं आवरणही निर्दोष राहत नाही. त्यातलं मँगनीज वाफेच्या रूपानं आतल्या तारांत शिरतं. तिथे एन टाइपच्या तारा आणि निकेलच्या मिश्रधातूचं, इन्कोनेलसारखं आवरण हा जोड मी सुचवेन.

जालना आणि कोल्हापूर इथे गणित वेगळं. जालन्याच्या इंडक्शन भट्टीत पोलाद सुमारे सोळाशे अंशांवर वितळलेलं असतं. कोल्हापूरच्या फौंड्रीत ओतीव लोखंड, म्हणजे बीड, चौदाशे ते पंधराशेच्या दरम्यान. निकेलच्या तारा तिथे टिकत नाहीत, प्लॅटिनम लागतं. १८८६च्या सुमारास पॅरिसच्या ल शातेलिए यांनी एक तार शुद्ध प्लॅटिनमची आणि दुसरी दहा टक्के रोडियम घातलेल्या प्लॅटिनमची, अशी जोडी पक्की केली. तोच आजचा एस टाइप. ती इतकी स्थिर निघाली की १९२७पासून १९९०पर्यंत जगाच्या अधिकृत मोजपट्टीचा एक पट्टा याच जोडीवर बांधलेला होता. १९६८च्या आवृत्तीत तो ६३०.७४ ते १०६४.४३ अंश असा होता. १ जानेवारी १९९०पासून मोजपट्टी बदलली आणि त्या पट्ट्याच्या बहुतेक भागात प्लॅटिनमच्या रोधावर चालणारा तापमापक आला.

पण प्लॅटिनम महाग आहे म्हणून निर्विकार आहे, असा गैरसमज करून घेऊ नका. सिलिकॉन, शिसं, फॉस्फरस, जस्ताची वाफ, यांतलं थोडंसंही प्लॅटिनमला लागलं की त्याचं व्होल्टेज बदलतं आणि तार ठिसूळ होते. पोलादाच्या नळीत उघडी प्लॅटिनमची तार घालणं म्हणजे ती मुद्दाम खराब करणं. आत शुद्ध ॲल्युमिनाची नळी हवी. तिच्यात तुकड्या-तुकड्यांचे मणी न ओवता दोन भोकांची अखंड कांडी घालावी, म्हणजे वाफा फटीतून शिरत नाहीत. हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड असलेल्या भट्टीत वाळूयुक्त चिनी मातीची नळी घातली, तर त्या वाळूतूनच सिलिकॉन सुटतं आणि तारेत मुरतं. तारेला तेलकट हात लावणंही टाळावं. आपल्या सीमेपलीकडे बिदरला बिदरीचं काम होतं, त्या मिश्रधातूत बहुतेक जस्त असतं. तशा मुशीवर प्लॅटिनम उघडं धरू नये, तिथे आवरणातला के टाइप पुरेसा आहे, कारण जस्त ४१९.५ अंशांनाच वितळतं.

मग वितळलेल्या पोलादात प्लॅटिनम टिकतं कसं? टिकतच नाही, आणि टिकवायचंही नसतं. कागदी पुठ्ठ्याच्या नळीच्या टोकाला क्वार्ट्झची इवलीशी वाकडी नळी, तिच्यात केसासारखी प्लॅटिनमची तार. कामगार लान्स धरून ती वितळलेल्या पोलादात बुडवतो, चार-पाच सेकंदांत आकडा स्थिर होतो, आणि टिप जळून जाते. विषारी धातू, वायू, मळी यांचा परिणाम व्हायच्या आत मोजमाप संपलेलं असतं. दर वेळी थोडं प्लॅटिनम खर्ची पडतं, तरी हिशेब परवडतो, कारण चुकीच्या तापमानाला ओतलेली पूर्ण हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला सगळा माल, वाया जाण्यापेक्षा एक टिप स्वस्त. काळाचा प्रश्न मी दुसऱ्या रकान्यात टाकला तो यासाठी. बॉयलरवरच्या तारेनं वर्षानुवर्षं खरं बोलायचं असतं, या तारेनं चार सेकंद.

चौदाशेच्या वर सतत मोजायचं असेल, काचेची किंवा सिरॅमिकची भट्टी असेल, तर बी टाइप. दोन्ही तारांत रोडियम असल्यामुळे तिचा धातू कणखर असतो. आणि तिचा एक मोठा गुण म्हणजे शून्य ते पन्नास अंशांत तिचं व्होल्टेज जवळजवळ शून्यच राहतं, त्यामुळे कोल्ड जंक्शनची, म्हणजे पॅनेलकडच्या थंड टोकाची, काळजी उरत नाही. त्याच कारणानं कमी तापमानाला ती निरुपयोगी आहे. सतराशेच्याही वर जायचं असेल तर टंग्स्टन-रेनियम, पण फक्त निर्वातात किंवा हायड्रोजन, अर्गॉनसारख्या वायूत. हवा लागली की ती तार जळते.

धातूची निवड भट्टीच्या दाराशी संपत नाही. थर्मोकपलच्या हेडपासून, म्हणजे भट्टीबाहेरच्या जोडणीच्या डबीपासून, पॅनेलपर्यंतची केबल हाही थर्मोकपलच आहे. हेड भट्टीला चिकटून सत्तर अंशांवर असेल आणि पॅनेल तीसवर, आणि मधे साधी तांब्याची केबल ओढली, तर ते चाळीस अंश कुणीच मोजत नाही. आकडा सुमारे तेवढ्यानं कमी येतो. के टाइपला के टाइपचीच केबल ओढावी. एस टाइपला प्लॅटिनमची केबल परवडत नाही, म्हणून तांबं आणि तांबं-निकेलची कॉम्पेन्सेटिंग केबल वापरतात. ती हेड फार तापलं नाही तरच खरी राहते. आणि रंग नीट बघा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत के टाइपची केबल हिरवी आणि ऋण तार पांढरी. अमेरिकन पद्धतीत धन तार पिवळी आणि ऋण तार लाल. लाल म्हणजे प्लस, हे वायरमनच्या हाताला बसलेलं असतं. केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली गेली तर आकडा उलटा पळत नाही, नाहीतर लगेच कळलं असतं. तो वरच्या उदाहरणात ऐंशी अंशांनी कमी येतो, आणि उन्हाळ्यात वेगळा, थंडीत वेगळा चुकतो.

शेवटचा मुद्दा तपासणीचा, कारण इथे प्रामाणिक माणसंही फसतात. दरवर्षी ऑडिटच्या आधी जुने थर्मोकपल काढून एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. त्या प्रयोगशाळांची मोजमापं शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या मानकांशी जोडलेली असतात, त्यांच्या कामाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती तारेच्या जागेबद्दल. आपण सुरुवातीला पाहिलं की व्होल्टेज तयार होतं ते तापमान बदलणाऱ्या वीतभर भागात. वर्षभर वापरलेल्या के टाइपमध्ये टोकाकडचा भाग एका तऱ्हेनं म्हातारा झालेला असतो, भिंतीतला दुसऱ्या तऱ्हेनं आणि बाहेरचा अगदी नवा असतो. प्रयोगशाळेच्या छोट्या भट्टीत तो वेगळ्या खोलीपर्यंत जातो. म्हणजे तापमानाचा उतार आता वेगळ्याच भागावर पडतो, कदाचित त्या निरोगी भागावर. प्रमाणपत्रावर चूक एक अंश येते. तोच थर्मोकपल परत भट्टीत बसवला की चूक पुन्हा वीस अंश.

म्हणून प्लॅटिनमच्या जोड्या प्रयोगशाळेत पाठवा, त्या पुन्हा तापवून पूर्वपदावर आणता येतात. निकेलच्या, म्हणजे के आणि एन टाइपच्या, नव्या असतानाच त्याच बंडलातला तुकडा तपासून घ्या, आणि एकदा भट्टीत गेल्या की तिथेच तपासा. त्यासाठी भट्टीच्या भिंतीत कामाच्या थर्मोकपलशेजारी, दोन बोटांच्या अंतरावर, दुसरं भोक ठेवून घ्यावं लागतं. ठरलेल्या मुदतीनं त्या भोकातून नवा, तपासलेला थर्मोकपल तेवढ्याच खोलीपर्यंत घालायचा, अर्धा तास थांबायचं, दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहायचे. जुना किती खोल घातला आहे तेही लिहायचं आणि तो कधीही मागे-पुढे सरकवायचा नाही. नवी भट्टी बांधून घेताना दुसऱ्या भोकाचा खर्च जवळपास काहीच नसतो. भट्टी एकदा विटांनी बंद झाली की तेच भोक पाडायला शटडाउन घ्यावं लागतं. त्यामुळे ते ड्रॉइंगवर असतानाच मागा.